अण्णांच्या टंकीचा सिग्नल

"पंचाहत्तर," अण्णा म्हणाले. "अगदी स्पष्ट. हा आधीच्या सगळ्यांपेक्षा बरा आहे."

माझी बायको चहाचा कप घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण हे उलटं आहे."

मी पाहिलं. तळहाताएवढा रंगीत टचस्क्रीन, मी स्वतः निवडलेला, स्वतः भिंतीवर बसवलेला. त्याच्यावर मी हौसेने पाण्याच्या टाकीचं चित्र काढलं होतं. चित्रातलं निळं पाणी टाकीच्या छताला चिकटून लोंबत होतं आणि आकडे पाय वर करून उभे होते. पडदा कोणत्या बाजूने धरलाय हे सांगणारा एक अंक मी प्रोग्रॅममध्ये चुकवला होता. अशी चूक माझ्या हातून नेहमीच होते, तिचं काही नाही. पण अण्णा त्या पडद्यासमोर हातभर अंतरावर चष्मा लावून उभे होते आणि 'अगदी स्पष्ट' म्हणत होते.

पंचाहत्तर हा आकडा त्यांना कुठून मिळाला तेही मला त्याच वेळी उमगलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच विचारलं होतं, "पंचाहत्तर दाखवतंय ना, अण्णा?"

विजेचा झटका मला नवीन नाही. ज्याला हा इलेक्ट्रॉनिक्सचा छंद आहे त्याला तो अधूनमधून बसतोच, आणि बायकोला सांगायचा नसतो. पण त्यात निदान हात मागे घेता येतो. इथे मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नुसता उभा राहिलो. बायकोने चहाचा कप खिडकीत ठेवला, अण्णांचा हात धरून तो कपाच्या कानापर्यंत नेला आणि आत निघून गेली. तिला माझ्या आधी कळलं होतं. निदान चार श्वास आधी.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत होते, सिग्नलच्या केबिनमध्ये. रुळांच्या कडेला उंचावर बांधलेली ती खोली असायची, तिच्यात माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या लोखंडी दांड्यांची रांग. दांडा ओढला की दूरवर सिग्नलचा हात पडायचा किंवा रूळ बदलायचे. तिथल्या दोन सवयी त्यांनी घरी आणल्या आणि आम्हाला सगळ्यांना लावल्या. पहिली फडक्याची. दांड्याची मूठ घासून चकचकीत ठेवलेली असते, घामाने तिच्यावर गंज चढतो, म्हणून हातात फडकं घेतल्याशिवाय तिला शिवायचं नाही. अण्णा आजही पंख्याचं बटण फडक्याने दाबतात. दुसरी सवय परत म्हणण्याची. स्टेशन मास्तरने फोनवर जे सांगितलं ते केबिनमधल्या माणसाने शब्दन्शब्द परत म्हणायचं. नुसतं 'बरं' चालत नाही, 'कळलं' तर मुळीच नाही, कारण 'कळलं' म्हणणाऱ्याला नक्की काय कळलं हे कोणालाच कळत नाही.

त्यामुळे आमच्या घरात आई म्हणायची, "दही लावलंय, हलवू नका," आणि अण्णा म्हणायचे, "दही लावलंय, हलवणार नाही." बायको नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटत होतं की या झाशीकरांना सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. टाकीला टंकी म्हणणारी माणसं, यांचं आणखी काय काय निघेल कोण जाणे, असं तिने माहेरी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं आहे.

आई गेल्यावर अण्णांनी एकेक काम सोडलं. भाजी आणणं सोडलं, देवळात जाणं सोडलं, पेपर वाचणंही सोडलं. पेपरात आता काही नसतं, म्हणाले. राहिली ती टंकी. आमच्याकडे झाशीत, लक्ष्मी गेटाच्या आत, नळाला पाणी येतं ते आपल्या मर्जीने. आलं की मोटर लावायची, गच्चीवरची टंकी भरली की बंद करायची. हे काम अण्णांचं. त्याला ते ड्यूटी म्हणतात. नळाला सूं सूं आवाज आला की हातातला घास ठेवून उठतात.

पण टंकी वाहायला लागली. एकदा, दोनदा, मग वरचेवर. आमच्या आळीत घराला घर चिकटलेलं, आमचं पाणी थेट शेजारणीच्या भिंतीवर. ती गच्चीवरून हाक मारायची, "भाभीजी, आपकी टंकी फिर बह रही है." बोलायची गोड, पण भिंत ओली झाली की माणूस किती दिवस गोड बोलणार.

अण्णा विसरायला लागले, असं आम्ही धरून चाललो. वयच झालंय. बायको म्हणाली, "बाजारात ऑटोमॅटिक मिळतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. लावून टाका." तिचं बरोबरच होतं. मी तसं अण्णांना सांगितलं.

अण्णा म्हणाले, "लाव. लावलंस की मला सांग, म्हणजे मी गच्चीकडे तोंड करून बसून राहतो."

ऑटोमॅटिक लावायचं म्हणजे त्यांच्याकडून उरलेलं एकुलतं एक काम काढून घ्यायचं. नाही लावायचं म्हणजे शेजारणीची भिंत. मग मी मधला मार्ग काढला, आणि माझा मधला मार्ग नेहमी माझ्या छंदाच्या दुकानावरून जातो. म्हटलं, टाकीच्या झाकणाखाली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावू, मोटरच्या खटक्याशेजारी एक पडदा बसवू. पडद्यावर आकडा बघायचा आणि मोटर हाताने बंद करायची. ड्यूटी अण्णांचीच राहील, विसरणं तेवढं थांबेल. बायको म्हणाली, "ठीक आहे. पण आता पुन्हा वाहिली तर ऑटोमॅटिक."

आता पडदा निवडायचा म्हणजे काय असतं ते ज्याला हा छंद नाही त्याला कळायचं नाही. लग्नाला मुलगी बघताना माझ्या घरच्यांनी एवढी चिकित्सा केली नव्हती. सगळ्यात आधी मी घेतला तो अंगठ्याच्या नखाएवढा पडदा. काळ्यावर पांढरी अक्षरं, इतकी रेखीव की मी स्वतःच तासभर बघत बसलो. अण्णांना दाखवला.

"अर्धी टंकी दाखवतंय, दिसतंय का?"

"अर्धी टंकी दाखवतंय, दिसतंय."

बायको म्हणाली, "हे बघायला मुंगीला बोलवा."

त्यानंतर दोन ओळींचा निळा पडदा आला. तो लावला तेव्हा नुसतेच चौकोन दिसत होते. मागचा बारीक स्क्रू पिळून अक्षरं उमटवावी लागतात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही, आणि दुकानदाराशी मी वाद घालून आलो. "भाई साहब, पेच घुमाया था?" एवढंच तो म्हणाला. पेच घुमवल्यावर अक्षरं आली. अण्णा म्हणाले, "हा आधीच्यापेक्षा बरा." त्यानंतर लाल दिव्यांचे मोठे आकडे आणले, स्टेशनच्या जुन्या घड्याळासारखे. अण्णा म्हणाले, "हा आधीच्यापेक्षा बरा."

बटणांचाही असाच घोळ. एक गोल फिरणारी मूठ बसवली, खटखट आवाज करत कितीही फिरते, तिला शेवट नाही. अण्णांनी ती बराच वेळ फिरवली आणि विचारलं, "ही थांबते कुठे?" मी म्हटलं, "ही थांबत नाही, अण्णा. हेच तिचं वैशिष्ट्य." मग मी एकच बटण बसवलं, दाबलं की मोटर चालू, पुन्हा दाबलं की बंद. मोटर चालू आहे की बंद ते पडद्यावर वाचायचं.

गंमत अशी की आम्ही घरी असलो की सगळं सुरळीत. अण्णा मोटर लावायचे, थोड्या वेळाने हाक मारायचे, "सूनबाई, जरा बघ तर. माझं आणि तुझं एकच येतंय का?" ती येऊन सांगायची, "नव्वद झालेत, अण्णा." "नव्वद झालेत. बरोबर. माझंही तेच येतंय." आणि बटण दाबायचे. रेल्वेत दोघांनी बघायची पद्धत असते, मी बायकोला कौतुकाने सांगत असे. बघ, माणूस निवृत्त झाला तरी शिस्त सुटत नाही.

आम्ही बाहेर गेलो की मात्र टंकी वाहायची. मी पडद्याला दोष द्यायचो. उन्हात आकडे पुसट होतात, अक्षर बारीक आहे, कोन चुकलाय. नवा, मोठा पडदा आणायचो, आणि बायकोकडून आणखी एकदा मुदत मागून घ्यायचो. अशी वाट चढत चढत मी त्या रंगीत टचस्क्रीनपाशी आलो. तोही अण्णांच्या हाताला दाद देत नव्हता, कारण ते फडक्याने दाबत होते आणि काचेला उघडं बोट लागतं. मी म्हटलं, "अण्णा, फडकं सोडा." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांचं बोट काचेवर भलतीकडेच टेकलं. मला वाटलं, टच नीट जुळवलेला नाही. मी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जुळवायला बसलो, त्या भानगडीत प्रोग्रॅममधला तो अंक बदलला, आणि पडदा उलटा झाला.

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या खाटेपाशी जाऊन बसलो. विचारायचं कसं तेच कळत नव्हतं.

"अण्णा, किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसांपासून?"

"दिसत नाही ते."

"दिसतं की. आत्ता तू दाराच्या बाजूने आलास, दिसलास. चालताना मी कशाला अडखळतो का?"

खरंच अडखळत नव्हते. जिना चढायचे, उंबरा ओलांडायचे, गल्लीतली गाय चुकवायचे. म्हणून तर आम्हाला शंका आली नाही.

"मग आकडा?"

अण्णा थोडा वेळ फडक्याची घडी करत राहिले. "ज्याच्याकडे बघावं तेच जातं," ते म्हणाले. "बाजूचं सगळं राहतं. आकड्याकडे बघितलं की आकडा नाही, भिंत आहे. तोंडाकडे बघितलं की तोंड नाही, कान आहेत."

बरेच दिवस अण्णा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत असत. मी समजत होतो की माझ्यावर नाराज आहेत. बायकोला तसं म्हणूनही दाखवलं होतं, आणि ती म्हणाली होती, "असतील. कारणं पुष्कळ आहेत."

"सांगितलं का नाहीत?"

"मेडिकलला डोळ्यात नापास झालेला माणूस लाइनवर ठेवत नाहीत," अण्णा म्हणाले. "आमच्यात एक होता. हिरवा-लाल ओळखणारा उत्तम माणूस. एकदा नापास झाला, दुसऱ्या दिवसापासून कचेरीत टेबलावर. कागदाला टाचण्या लावायचा. आम्हाला भेटायला केबिनखाली यायचा, पण जिना चढायचा नाही. बोलवलं तरी नाही."

"अण्णा, हे घर आहे."

"घरच आहे. म्हणून तर." मग म्हणाले, "विसरतो म्हटलं की माणसं आठवण करून देतात. दिसत नाही म्हटलं की हातातून काढून घेतात. मी म्हटलं, समजू देत विसरतो म्हणून."

आम्ही त्यांना विसरभोळे समजत होतो, त्यांच्यासमोर तसं बोलत होतो, बायको तर चष्मा, औषधं सगळं दोनदा सांगायची, आणि ते सगळं निमूट ऐकून घेत होते. त्यांना सगळं लक्षात होतं. प्रत्येक पडदा कुठे बसवला होता, त्याचा खटका कोणत्या बाजूला होता, सगळं. विसरायचं ते नाटक होतं आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून ते खरं मानत होतो.

"आणि परत म्हणायचात ते?"

"ते तर मी जन्मभर म्हणतोय," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच किंचित हसले. "तू आधी उत्तर सांगून मग प्रश्न विचारतोस. लहानपणापासून. तुझी परीक्षा पास होणं काही कठीण नाही."

मग एकदम म्हणाले, "मिशी आहे ना तुझी अजून?"

मिशी मी काढून कितीतरी महिने झाले होते. बायकोच्या भाचीच्या लग्नाला जाताना काढली, तरुण दिसतो म्हणून. त्या दिवसापासून घरात वावरतोय, त्यांच्यासमोर जेवतोय. मी म्हटलं, "आहे."

"ठीक," ते म्हणाले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र मला दाखवलं, मधोमध डाग. वयाने होतं, म्हणाले. मधली नजर गेली ती परत येणार नाही, कडेची राहील. अण्णांनी ते परत म्हटलं: "मधली गेली ती गेली, कडेची राहील." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "रेल्वेत होते."

रिक्षात अण्णा म्हणाले, "आता लाव तुझं ऑटोमॅटिक."

मला ते लावायचं नव्हतं. घरी येऊन मी टचस्क्रीन भिंतीवरून काढला. पडद्यांचं सगळं खानदान डब्यात भरताना मला माझीच कमाल वाटत होती. ज्याला मधलं दिसत नाही त्याच्यासाठी मी एकापेक्षा एक सुंदर, मधोमध बघायच्याच वस्तू निवडत होतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणत होतो, वा.

पहिला उपाय अर्थातच मूर्खपणाचा सुचला. बोलणारं यंत्र केलं. बायकोचा आवाज भरला: टाकी अर्धी भरली, टाकी भरली, मोटर बंद करा. अण्णांनी ऐकून घेतलं.

"हिला कळतंय टंकी भरली, हिला कळतंय मोटर बंद करायची. मग मी तिथे कशाला उभा?"

बायको आतून म्हणाली, "बरोबर आहे अण्णांचं. मी दोनदा ओरडायचं, एकदा तोंडाने आणि एकदा भिंतीतून?"

ती जेवायला वाढत असतानाच मी अण्णांना विचारलं, आणि या खेपेला उत्तर आधी सांगितलं नाही. "अण्णा, धुक्यात सिग्नल दिसायचा नाही, तेव्हा केबिनमध्ये कसं कळायचं?"

"दांड्यावरून. ओढलेला दांडा वेगळा उभा असतो. अंधारात हात लावला तरी कळतं कोणता कुठे आहे." घास तोंडाशी नेता नेता ते थांबले. "तुझ्या बटणाचं तसं नाही. ते दाबलं तरी तसंच, नाही दाबलं तरी तसंच. आणि ती फिरणारी मूठ तर कुठेच नव्हती."

एवढे महिने मी पडदा बदलत होतो आणि बटणाचा विचारही केला नव्हता.

मग एक दांडा केला. कपाटाची जुनी पितळी मूठ आणि लोखंडी पट्टी, वर म्हणजे मोटर बंद, खाली ओढला की चालू, दोन्हीकडे खट्‌ करून अडणारा. आणि पडद्याच्या जागी एक छोटी मोटर बसवली, खेळण्यातल्या विमानांत असते तशी, सांगाल त्या कोनात वळून उभी राहणारी. तिला पत्र्याचा वीतभर हात लावला, जुन्या सिग्नलसारखा. टाकी रिकामी असली की हात खाली लोंबतो. पाणी चढतं तसा तो उचलत जातो, आणि टाकी भरली की आडवा. अण्णांच्या काळात आडवा हात म्हणजे थांबा. बोटाने चाचपायचा, कोन कळतो.

पत्र्याचा तो पहिला हात त्यांनी अशा जोराने धरला की आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकंच मोडली. "खऱ्या सिग्नलला एवढ्याने काही होत नाही," म्हणाले. धातूच्या चाकांची मोटर आणली. हाताचं टोक लाल रंगवलं. बायको म्हणाली, "त्यांना दिसणार नाही, मग रंग कोणासाठी?" अण्णा म्हणाले, "कडेने दिसतो. सिग्नल बिनरंगाचा नसतो, सूनबाई."

खरी परीक्षा ती घरात कोणी नसतानाची. तशी वेळ पुढच्याच रविवारी आली. आम्ही बाजारातून परतत होतो, गल्लीच्या तोंडाशीच नळाचा आवाज ऐकू आला. पाणी आलेलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी आधी भिंत बघितली. कोरडी. मग दार उघडून पाय न वाजवता आत गेलो.

अण्णा दांड्याशी उभे होते. डाव्या हाताच्या दोन बोटांवर पत्र्याचा तो हात टेकलेला, उजव्या हातात फडकं. तोंड भिंतीकडे नाही, भलतीकडेच, तुळशीच्या कुंडीकडे. बोटं हळूहळू वर सरकत होती. मला बोलायचं होतं. तोंडात आकडा आलाही होता. बायकोने माझा दंड इतक्या जोराने दाबला की वळ उठला.

हात आडवा झाला. अण्णांनी फडक्याने मूठ धरली आणि दांडा वर ढकलला. खट्‌. मोटर थांबली. गच्चीवरून एक थेंब पडला नाही.

"टंकी भरली, मोटर बंद," अण्णा म्हणाले. आम्ही आल्याचं त्यांना केव्हाच कळलं होतं.

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? परत म्हण."

"टंकी भरली," मी म्हणालो. "मोटर बंद."

"ठीक." त्यांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्या कानाकडे बघितलं. मी हल्ली मिशी वाढवतोय. बायको म्हणते, पांढरी येतेय, हसू येतं. म्हटलं, येऊ दे, त्यांना 'आहे' म्हणून सांगितलंय.